दुसऱ्या वर्षातच मुलांना काम पाहू द्या

प्रति,
महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि ट्रेनिंग अँड प्लेसमेंट अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते. गाडीतल्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहायचं आणि तपासायचं, हे माझं रोजचं काम; याला एम्बेडेड म्हणतात. शिक्षण मराठवाड्यातल्या एका कॉलेजात झालं, शाखा ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. गेली बरीच वर्षं कंपनीकडून कॅम्पसला मुलाखती घ्यायला जाते. शिवाय सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींचे फोन येतात. कोणाचा मावसभाऊ, कोणाची रूममेट, असा माझा नंबर पुढे पुढे जात राहतो. विचारणं जवळजवळ एकच असतं: ‘मॅम, डेटा सायन्स करू, फुल स्टॅक करू की सायबर सिक्युरिटी? स्कोप कशाला आहे?’ (फुल स्टॅक म्हणजे वेबसाइटची दिसणारी आणि मागची, अशा दोन्ही बाजू लिहिणं.)

मी त्यांना विचारते, यातलं एखादं काम करणारा माणूस, तो काम करत असताना, तू कधी पाहिलायस का? यूट्यूबवरचा रोडमॅप पाहिलेला असतो, क्लासची जाहिरात पाहिलेली असते, सीनियरचं लिंक्डइन पाहिलेलं असतं. प्रत्यक्ष काम जवळजवळ कोणीच पाहिलेलं नसतं. पुढची तीस-पस्तीस वर्षं ज्यात घालवायची, त्याची निवड ही मुलं ऐकीव माहितीवर करतात. हे बदलणं तुमच्या हातात आहे आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत, म्हणून हे पत्र.

आत्ता निवड कशी होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सीईटीचे पर्सेंटाइल लागतात, कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरला जातो आणि कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, एआय-एमएल ही नावं गेल्या वर्षीच्या कटऑफच्या उतरत्या क्रमानं लावली जातात. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी जागांची कमाल मर्यादा उठवली, तेव्हापासून कॉम्प्युटरच्या आणि तिच्या नव्या नावांच्या तुकड्या आणखी वाढल्या. पालकांना वाटतं, इथेच सगळं ठरलं. खरं तर डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क हे विषय या सगळ्याच शाखांना असतात. मुलाची वाट बरीचशी ठरते ती तिसऱ्या वर्षी: इलेक्टिव्ह कोणते, ऑनर्स किंवा मायनर (पदवीबरोबरचे जादा विषय) कशात, इंटर्नशिप कुठे, प्रोजेक्ट कशावर. आणि नेमकी हीच निवड सर्वांत घाईत उरकली जाते. व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म येतो, उद्या संध्याकाळपर्यंत भरायचा असतो, आणि ग्रुपमधल्या हुशार मुलानं जे भरलं तेच निम्मा वर्ग भरतो.

काम पाहिल्यानं काय होतं, हे माझ्याच बेंचवर घडलेल्या एका गोष्टीवरून सांगते. मागे आमच्याकडे दोन इंटर्न होते, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही तिसऱ्या वर्षाचे. टेस्ट बेंचवर दोन कंट्रोलर कॅन बसनं, म्हणजे गाडीतले कंट्रोलर ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात त्या जोडणीनं, जोडले होते आणि मेसेज मध्येच तुटत होते. दोघांनी कोडची ओळ न् ओळ वाचून काढली, बिटरेट, म्हणजे मेसेजचा वेग, तपासला, सॉफ्टवेअर पुन्हा फ्लॅश केलं. काही उपयोग झाला नाही. मग मी त्यांच्या हातात मल्टीमीटर दिला आणि सप्लाय बंद करून दोन तारांमधला रोध मोजायला सांगितलं. कॅन बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर जोडलेले, म्हणून मीटरवर साधारण ६० यायला हवेत. आले १२०. एका टोकाचा रेझिस्टर हार्नेसमध्ये, म्हणजे तारांच्या जुडग्यात, लावलाच नव्हता. तो लावला आणि मेसेज सुरळीत सुरू झाले.

त्या मुलाला त्या दिवशी घरी जायचंच नव्हतं. ऑसिलोस्कोप लावून रेझिस्टर असताना आणि नसताना सिग्नलच्या कडा कशा दिसतात, ते तो उशिरापर्यंत बघत बसला. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी स्पष्टपणे म्हणाली, ‘मॅम, चूक तारेत असेल तर माझा त्यात जीव रमत नाही. मला चूक कोडमध्येच सापडायला हवी.’ तिचं हे बोलणं मला फार मोलाचं वाटलं. पुढे तिनं बॅकएंडकडे, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, लक्ष वळवलं आणि आज ती त्यात उत्तम काम करते. तो मुलगा आमच्याच क्षेत्रात आहे. दोघांचे मार्क सारखे, कॉलेज एक, शाखा एक. त्यांच्यातला फरक कुठल्याही ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये दिसला नसता. तो एका आठवड्याच्या कामात दिसला.

बाकीच्या वाटांचंही असंच आहे. डेटा सायन्स म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर मॉडेल येतं. प्रत्यक्षात सुरुवातीची वर्षं जातात फायली सरळ करण्यात. एका शाखेकडून आलेल्या फायलीत ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल असतो, दुसऱ्या सिस्टीमला तोच ४ मार्च वाटतो, आणि तिमाहीची बेरीज चुकते. एकच ग्राहक तीन स्पेलिंगांनी तीनदा आलेला असतो. ‘चालू ग्राहक’ नक्की कोणाला म्हणायचं, हे विक्री विभागाला विचारायला जावं लागतं आणि तिथे दोन माणसं दोन उत्तरं देतात. हे सगळं एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, चिकाटीनं निस्तरण्यात ज्याला समाधान मिळतं, तो या क्षेत्रात टिकतो. असं समाधान मिळणारी मुलं असतात, मी पाहिली आहेत; पण कॉलेजात त्यांना स्वतःबद्दल हे कळायची सोयच नसते. वर्गात मिळणारा डेटासेट आधीच धुऊन-पुसून दिलेला असतो.

सायबर सिक्युरिटीबद्दल तर सर्वाधिक गैरसमज आहेत. नव्या मुलाला बहुतेकदा काम मिळतं ते सिक्युरिटी ऑपरेशन सेंटरमध्ये. स्क्रीनवर येणारे अलर्ट पाहायचे, खोटे कोणते आणि खरे कोणते ते लॉग वाचून ठरवायचं, तिकीट लिहायचं, गरज पडली तर वरच्या पातळीकडे द्यायचं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. त्यामुळे कोणीतरी रात्री जागं असावंच लागतं. पाळीचं काम आहे, एकटक बघण्याचं आहे, आणि नेमकं इंग्रजीत अहवाल लिहिण्याचं आहे. ज्या मुलीला अंदाज बांधायला आणि पुरावा शोधायला आवडतं, तिला हे काम मनापासून आवडू शकतं. पण रात्रपाळीबद्दल तिनं आणि तिच्या घरच्यांनी आधी ऐकलेलं असावं, जॉइनिंगच्या दिवशी नव्हे.

टेस्टिंग आणि प्रॉडक्शन सपोर्ट यांचं मात्र मला वाईट वाटतं. ‘सपोर्टमध्ये टाकलं’ असं मुलं पडेल आवाजात सांगतात, कारण कॉलेजात त्यांनी हेच ऐकलेलं असतं. बँकेची रात्रीची बॅच मध्येच अडकली तर ती सकाळी शाखा उघडायच्या आत सोडवणारा माणूस यंत्रणा जितकी ओळखतो, तितकी ती लिहिणाराही अनेकदा ओळखत नाही. त्यातूनच पुढे डेटाबेस, क्लाउड, रिलायबिलिटी इंजिनिअरिंग अशा वाटा फुटतात. तुमच्या कॉलेजातून असे कितीतरी माजी विद्यार्थी बाहेर पडले असतील. त्यांना कधी व्याख्यानाला बोलावलंत का?

आता प्लेसमेंटबद्दल. गेटवरच्या बॅनरवर सर्वांत मोठं पॅकेज असतं, ते मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचा फोटो असतो, खाली कंपन्यांचे लोगो. मोठ्या सेवा कंपन्यांमध्ये नवख्यांचं सर्वसाधारण पॅकेज गेली दहा-बारा वर्षं वर्षाला तीन ते चार लाखांच्या आसपासच अडकलंय, हे तुम्ही जाणता. बॅनर पाहणाऱ्या पालकाला ते कळत नाही. ज्या कॉलेजांना एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत उतरायचं असतं, ती प्लेसमेंट झालेल्यांचा मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतो तो) दरवर्षी कळवतात. म्हणजे आकडा तयार असतो. तोच बॅनरवर लावा. आणि त्याच्याशेजारी आणखी एक तक्ता द्या, ज्याची मुलांना खरी गरज आहे: गेल्या वर्षी लागलेल्यांपैकी किती जण डेव्हलपमेंटला गेले, किती टेस्टिंगला, किती सपोर्टला, किती एम्बेडेडला, किती जणांना आपण काय करणार हे जॉइन होईपर्यंत सांगितलंच गेलं नव्हतं. शेवटचा रकाना भरताना त्रास होईल, पण तो भरा. निवडीसाठी मुलांना याहून उपयोगी कागद मिळणार नाही.

‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ या नियमामागचा हेतू मला पटतो. चार मुलांनीच सगळ्या जागा अडवू नयेत, हे योग्यच आहे. पण सातव्या सत्राच्या सुरुवातीला मोठ्या भरतीत नाव लागलं म्हणून जानेवारीत आलेल्या छोट्या एम्बेडेड कंपनीला बसता येत नाही, हे मी मुलाखतीच्या खोलीबाहेर उभ्या राहिलेल्या मुलांकडून ऐकते. बऱ्याच ठिकाणी दुसरी संधी पॅकेज दुप्पट असेल तरच मिळते. तिथे कामाचा प्रकार हेही कारण धरा. मुलानं एका पानावर लिहून द्यावं, की हे काम मी अमुक ठिकाणी करून पाहिलंय आणि मला तेच करायचंय. २०२२ च्या बॅचमधल्या कितीतरी मुलांना ऑफर लेटर हातात असूनही जॉइनिंगसाठी दीड-दोन वर्षं थांबावं लागलं. पहिली ऑफर मिळाली की मुलाची जबाबदारी संपली, असं त्यानंतर तरी कोणी धरू नये.

थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांबद्दल मला वेगळं लिहायचंय. तंत्रशिक्षण मंडळाचा इलेक्ट्रॉनिक्सचा किंवा मेकॅट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेल्या मुलानं सोल्डरिंग केलेलं असतं, पीएलसीवर, म्हणजे कारखान्यातलं यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरवर, लॅडर प्रोग्रॅम लिहिलेला असतो, कुठल्यातरी एमआयडीसीत ट्रेनिंगही केलेलं असतं. काम पाहिलेलं वर्गातलं एकमेव मूल तेच. इंजिनिअरिंगला आल्यावर मात्र एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, अवघड जातं, इंग्रजीची भीती बसते, आणि त्याला सल्ला मिळतो की तूही फुल स्टॅकचा क्लास लाव. मुलाखतीत अशी मुलं माझ्यासमोर रिॲक्टची, म्हणजे वेबपेज बनवायच्या साधनाची, घोकलेली उत्तरं देतात. मी विषय बदलून विचारते, ‘डिप्लोमाला प्रोजेक्ट काय केला होता?’ आणि मुलगा खुर्चीत सरळ बसतो, मोटर कंट्रोलबद्दल न थांबता बोलतो. चाकण, पिंपरी, वाळूज, अंबड इथल्या कंपन्यांना असाच माणूस हवा असतो, ज्याला बोर्डही कळतो आणि सी भाषाही. कोअरला, म्हणजे मूळ शाखेतल्या कामाला, पगार कमी, असं सर्रास सांगितलं जातं. सुरुवातीला काही ठिकाणी तो कमी असतोही. पण बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आल्यापासून आणि आता इलेक्ट्रिक गाड्यांमुळे कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर वाढतंच आहे, आणि ते नीट लिहिणारी माणसं शोधताना आमच्या नाकी नऊ येतात.

इंटर्नशिपला आता श्रेयांक आहेत, ही चांगली गोष्ट. तिचं जे झालंय ते चांगलं नाही. विद्यार्थ्याकडूनच पैसे घेऊन, घरबसल्या चार व्हिडिओ दाखवून प्रमाणपत्र देणाऱ्यांची यादी तुमच्या मुलांना तोंडपाठ आहे. प्रोजेक्ट तर रिपोर्टसकट विकत मिळतो. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. शंभर-सव्वाशे मुलांना एकाच महिन्यात इंटर्नशिप शोधून आणा म्हटल्यावर लहान गावातला मुलगा दुसरं काय करणार? पैसे घेणाऱ्या कोणाचंही प्रमाणपत्र ग्राह्य धरू नका. त्याऐवजी गावातल्या साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात, जिल्हा बँकेच्या संगणक विभागात, पतसंस्थेत, रुग्णालयात, महापालिकेत मूल चार आठवडे खरोखर बसलं तर ते मोजा. तिथली जुनी सिस्टीम का अडते आणि लोक ती कशी सांभाळून घेतात, एवढं पाहून आलेला विद्यार्थी मला मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

‘एआय आल्यावर कोडिंगचं काय राहणार?’ हा प्रश्न नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून प्रत्येक फोनवर असतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा तर पालकांचेही फोन आले. मी त्यांना खोटा धीर देत नाही. साचेबंद कोड, साधी स्क्रीन, नेहमीचे टेस्ट केस ही कामं आता साधनं पटकन करतात, आणि नवख्यांना पूर्वी याच कामांवर हात बसवायला मिळायचा. म्हणून दुसऱ्या वर्षातल्या विषयांचं मोल वाढलंय, असं माझं मत आहे. प्रोसेस आणि थ्रेड, इंडेक्स का लावतात, नेटवर्कवर टीसीपीचं कनेक्शन कसं जुळतं आणि कसं तुटतं, पॉइंटर नेमका कुठे बोट दाखवतो, हे ज्याला कळतं तो साधनानं लिहिलेल्या कोडमधली चूक पकडतो आणि उद्या एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाऊ शकतो. आज हे विषय टर्मवर्क आणि ओरलपुरते उरकले जातात, जर्नल एकमेकांची उतरवली जातात. दुसरं वर्ष वाया घालवून तिसऱ्या वर्षी एआयचं ऑनर्स घेतलेली मुलं मुलाखतीत अक्षरशः अडखळतात, आणि ते पाहताना मला वाईट वाटतं, कारण मुलं कष्टाळू असतात.

तुम्ही म्हणाल, निवड वगैरे ठीक आहे, पण आमच्या मुलांच्या घरी कर्ज आहे, शेती आहे, धाकटी भावंडं आहेत. मिळेल ती नोकरी घेणं भाग आहे. मला ते पूर्ण मान्य आहे. मीही अशाच घरातून आले. पहिली नोकरी गरजेपोटी घ्यावी लागली तरी आपल्याला जायचंय कुठे हे माहीत असलेलं मूल दोन वर्षांनी तिथे पोहोचतं. ज्याला ते माहीतच नाही, ते पदवीनंतर पुन्हा फी भरून कोर्स शोधत पुण्याला येतं. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेची सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देणाऱ्या मुलांना विचारून पाहा. ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचं डॅक घ्यावं, बिग डेटा घ्यावं, एम्बेडेडचं डेस्ड घ्यावं की सिक्युरिटीचं डिटिस, हे समुपदेशनाच्या दिवसापर्यंत अनेकांचं ठरलेलं नसतं. अभ्यासक्रम चांगले आहेत. पण यातलं आपलं कोणतं, हे कळायला चार वर्षांची पदवी अपुरी पडावी, हे मला मान्य नाही.

माझी मागणी एवढीच आहे. चौथ्या सत्रात एक आठवडा वेळापत्रकातून मोकळा काढा. बसमधून साठ मुलांना नेऊन तासभर शॉप फ्लोअर दाखवणाऱ्या इंडस्ट्रियल व्हिजिटच्या जागी तो धरा. रोज एक क्षेत्र, रोज एक माजी विद्यार्थी, आणि त्यानं आणलेलं एक खरं काम, जे मुलांनी तीन तासांत स्वतःच्या हातानं करून पाहायचं. डेटासाठी डेटा डॉट गव्ह डॉट इनवरच्या पावसाच्या नोंदी घ्या, त्यातले रिकामे रकाने आणि बदललेली नावं मुलांनाच शोधू द्या. सिक्युरिटीसाठी कॉलेजच्याच सर्व्हरचे नावं-पत्ते काढून टाकलेले लॉग द्या. टेस्टिंगसाठी तुमचंच परीक्षा अर्जाचं पोर्टल आहे. आठवडा संपल्यावर प्रत्येकानं दोन पानं लिहावीत: कशात वेळ गेलेला कळला नाही, आणि कशात घड्याळाकडे लक्ष जात होतं. याला मार्क देऊ नका, नाहीतर तीही उतरवली जातील. ती पानं गार्डियन फॅकल्टीकडे राहू द्या आणि तिसऱ्या वर्षाचा ऑनर्स-इलेक्टिव्हचा फॉर्म भरताना मुलासमोर ठेवा. फॉर्मला मुदतही निदान पंधरा दिवसांची द्या.

माजी विद्यार्थी येतील का, अशी शंका असेल तर त्यांना एकदा पत्र पाठवून पाहा. आमच्यातले बरेच जण वाट बघत आहेत. आम्हाला आजवर बोलावणं आलं ते देणगीसाठी किंवा नॅकच्या मूल्यांकन समितीच्या भेटीच्या वेळी. एम्बेडेडचा दिवस मी घेईन, राज्यातल्या कुठल्याही कॉलेजात, मानधन नको. शनिवार असेल तर सोपं जाईल. बोर्ड, तारा, रेझिस्टर आणि मल्टीमीटर मी घेऊन येते. प्रोजेक्टर नसला तरी चालेल. पाच-सहा मुलांमागे एक टेबल आणि जवळ प्लग पॉइंट, एवढी सोय करून ठेवा.

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी
एम्बेडेड सॉफ्टवेअर अभियंता, पुणे